शमीमचा झाडू

सलीमने फाटकातून हाक मारली तेव्हा माझ्या हातात सोल्डरिंगची गन होती आणि डोक्यात राग होता. राग शमीमवरच. चार दिवस रजा म्हणून गेली, दुसरा आठवडा संपत आला तरी हिचा पत्ता नाही, आणि इकडे साहेब उठता-बसता माझं डोकं खातायत... तिचा धाकटा भाऊ फाटकात दिसल्यावर मला वाटलं, चला, निरोप तरी आला. त्याला बोलू न देताच मी म्हणाले, "कधी येतायत राणीसरकार?" सलीमने सायकल फाटकाला टेकवली. मग म्हणाला, "ताई, आपा गेली. सकाळी, पुण्याच्या दवाखान्यात." आणि मी, काय सांगू, त्याला विचारलं, "कुठे गेली?" त्याने मान खाली घातली तेव्हा कुठे मला कळलं. आत शेडमध्ये गन तशीच तापत राहिली होती. जळक्या वासाने बबन चहावाला धावत आला आणि त्यानेच ती बंद केली.

शमीम तांबोळी हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. उरवड्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचं छोटंसं युनिट आहे. कारखान्यांत पत्रा कापायचे, वाकवायचे पॉवर प्रेस असतात, त्यांना कधी खाली यायचं आणि कधी नाही हे सांगणारे कंट्रोलचे डबे आम्ही बनवतो. डबा मी जोडते. डब्यातल्या चिपमध्ये काय भरायचं ते शमीम लिहायची. आमच्या दोघींच्या मध्ये एक टेबल होतं आणि त्या टेबलावरून सतत भांडण चालायचं. आता टेबल आहे...

पौडला तिच्या घरी गेले. पुरुषमाणसं कब्रस्तानात गेली होती, आम्ही बायका आतल्या खोलीत. तिच्या आईने माझा हात धरून ठेवला. "सुमन, जन्मल्यापास्नं घाई तिला," त्या म्हणाल्या. "सातव्या म्हयन्यातच आली. डाक्टरनं सांगितलं हुतं, हिच्या काळजाची झडप कच्ची हाय, पळू देऊ नगा, वझं उचलू देऊ नगा. ऐकती व्हय कुनाचं?" झडपेचं मला तिथे बसल्यावर पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं रोज एका एसटीतून जाणारी, माझ्या डब्यातली भाजी न विचारता खाणारी ही बाई, आणि मला एका शब्दाने बोलली नाही. रडू यायच्या आधी मला पुन्हा रागच आला. अजून आहे. हे लिहितानासुद्धा मी दोनदा उठून बाहेर फेरी मारून आले.

एसटीचं सांगते. ती पौडला बसायची, मी कासार आंबोलीच्या थांब्यावर. गाडी उभी राहायच्या आत खिडकीतून तिचा हात बाहेर आलेला असायचा: "सुमे, चल, चल, चढ!" जणू मी चढले नाही तर गाडी तिच्यामुळे खोळंबणार होती. पिरंगुटला उतरून उरवड्यापर्यंत चालायचं. ती नेहमी दहा पावलं पुढे. आणि मध्येच थांबून चपलेचा अंगठा नीट करत बसायची. मी तिला गाठलं की म्हणायची, "किती हळू चालतीयास गं, म्हैस बरी." मी म्हणायचे, "आधी चप्पल बदल, रोज तुटते." दर वेळी चप्पल धडधाकट असायची हे मला दिसत होतं, मला वाटायचं, माझ्यासाठी थांबते पण कबूल करायचं नाही. आता ते वाकून बसणं आठवतं, आणि वर बघताना तिचे ओठ कसे फिके दिसायचे तेही.

जुनं काही ठेवायचं नाही, हा तिचा दुसरा रोग. तिच्या अब्बांचं पौडच्या बाजारात लोखंडी सामानाचं दुकान: खिळे, कड्या, बादल्या, विळे. ते गृहस्थ वाकडा खिळासुद्धा टाकणार नाहीत. एकदा ते लग्नाला गावाला गेले असताना हिने दुकान आवरायला काढलं आणि गंजलेलं होतं नव्हतं ते सगळं मागच्या गटारीत ओतलं. परत आल्यावर अब्बा धोतर वर खोचून गटारीतून खिळे वेचत बसलेले आणि ही वर उभी राहून त्यांच्याशी वाद घालतेय, "अब्बा, गंजका खिळा नव्यात मिसळला की गिऱ्हाईक सगळाच माल गंजका म्हनतंय!" आमच्या शेडमध्ये तिचा मोर्चा बबनच्या चहाकडे वळला. बबन सकाळची चहापूड दुपारपर्यंत उकळायचा, नुसतं पाणी नि साखर वाढवत राहायचा. हिने त्याच्या पातेल्यात बोट दाखवून सांगितलं, "चोथा टाक आधी. मग पी म्हन." बबन तिला वचकून असे. खरं तर सगळेच असत, साहेबसुद्धा.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती. थोडं आमच्या कामाचं सांगावं लागेल, पण ते काही अवघड नाही. प्रेसने कसं वागायचं ते शमीम कॉम्प्युटरवर फायलींमध्ये लिहायची. त्या हातच्या फायली. कॉम्प्युटर त्यातली एकेक वाचून, त्याला समजेल अशी दुसरी फाईल तयार करतो, आणि अशा सगळ्या तयार फायली जोडून जे निघतं ते चिपमध्ये जातं. चिप डब्यात, डबा प्रेसवर. सगळं पहिल्यापासून तयार करायला आमचा मंद कॉम्प्युटर इतका वेळ घेतो की माणसाने तेवढ्यात जेवून, हात धुऊन, पान खाऊन यावं. म्हणून 'मेक' नावाचा एक प्रोग्रॅम असतो. तो फक्त वेळा बघतो. हातच्या फायलीची वेळ तिच्यापासून तयार झालेल्या फायलीच्या नंतरची असेल, तर तेवढी एक पुन्हा तयार करतो. बाकीच्यांना हात लावत नाही. काम झटपट.

यात आता उरवड्याची वीज आणा. वीज गेली की कॉम्प्युटर बंद, आणि आली की हा शहाणा सगळं विसरून पहिली गोष्ट विचारतो ती तारीख. तारीख टाकायचा कंटाळा करून नुसतं एंटर दाबलं, तर तो आपल्या मनाने एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी धरून कामाला लागतो. दिवसातून इतक्यांदा वीज जायची की सगळेच एंटर दाबायचे. शमीम तर पहिली. तारीख टाकायला थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं.

पिरंगुटच्या बाजूला एका प्रेसशॉपमध्ये आमचा डबा लागलेला होता आणि त्यात एक खोड निघाली होती. पॅडलवर पाय जरा जास्त राहिला की प्रेस कधीमधी आपणहून दुसऱ्यांदा खाली यायचा. शमीमने दोन दिवस खपून कारण शोधलं. दुरुस्ती लिहायला बसली त्या दिवशी वीज नुसती लपंडाव खेळत होती. वीज आली, हिने एंटर दाबलं, दुरुस्ती लिहिली, मेकला सांगितलं, बांध, म्हणजे तयार करून जोड. बाहेर साहेबांची जीप हॉर्न देत होती. मेकने स्क्रीनवर उत्तर दिलं की सगळं ताजं आहे, करण्यासारखं काही नाही. त्याचं बरोबरच होतं. दुरुस्तीवर तारीख पडली होती ऐंशी सालची, त्याच्या हिशेबाने ती, खरी तारीख टाकलेल्या दिवशी बांधलेल्या तयार फायलीपेक्षा कितीतरी जुनी. शमीमने ते उत्तर वाचलंच नाही. जुनंच निघालेलं चिपमध्ये भरलं आणि आम्ही जीपमध्ये बसलो.

प्रेसवर भिकाभाऊ होते, उरवड्याचेच, निम्मं आयुष्य प्रेसवर गेलेला माणूस. पत्र्याचा तुकडा प्रेसखाली ठेवायला आणि काढायला चिमटा दिलेला असतो. पण चिमट्याने काम हळू होतं, म्हणून तिथला कुठलाही कामगार हातानेच ठेवतो. शमीम समोर कमरेवर हात ठेवून उभी, म्हणून भिकाभाऊंनी लाजेकाजेस्तव चिमटा उचलला. प्रेस खाली आला, वर गेला. त्यांनी तुकडा काढायला चिमटा आत घातला आणि प्रेस पुन्हा खाली आला.

आवाज फार मोठा नव्हता. चिमट्याचं टोक चपटं होऊन पत्र्यातच बसलं होतं. भिकाभाऊंनी चिमटा सोडून हात मागे घेतला, तो उलटासुलटा करून बघितला आणि हसले. "तुमी बघताय म्हून चिमटा धरला, ताई. न्हाईतर आमी कुटं धरतोय?"

शमीम तिथल्या खोक्यावर बसली. कॉम्प्युटरसमोर सोडून कामाच्या वेळात तिला बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. परत येताना जीपमध्ये तिने तो चपटा चिमटा मांडीवर धरला होता आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या वर भिंतीत खिळा ठोकून अडकवला. खिळा दुकानातून आणलेला, कोरा करकरीत.

त्याच दिवशी झाडू जन्माला आला. मेकला ती एक जास्तीची आज्ञा शिकवायला बसली: आधी सगळ्या तयार फायली पुसून टाकायच्या, मगच बांधायला घ्यायचं. तुलना करायला जुनं काही उरलंच नाही, तर तारखेने फसवायचं कुणाला? आज्ञेला नाव दिलं झाडू. पहिल्या झाडूने अर्थातच घोळ केला. बाईंनी घाईत अशी काही आज्ञा लिहिली की तयार फायलींबरोबर हातच्याही गेल्या. मी हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं. "शमे, गटारीत बघ, अब्बा वेचत असतील." ती चिडून लाल झाली, मग तीही हसली. फ्लॉपीवर आदल्या दिवशीच्या प्रती होत्या म्हणून वाचली. त्यानंतर हातच्या फायली कॉम्प्युटरच्या एका खणात आणि यंत्राने केलेल्या दुसऱ्या खणात, अशी कडक वाटणी झाली. झाडू फिरायचा तो दुसऱ्याच खणात.

साहेबांना झाडू कधीच पटला नाही. ते पुण्याचे, शिकलेले, आणि त्यांचंही चूक नव्हतं. डबे वेळेवर गेले तर आमचे पगार वेळेवर. "अहो तांबोळीबाई, मग मेक ठेवलाय कशाला? एक ओळ बदलायची आणि सगळं गाव नव्याने वसवायचं?" बांधून होईपर्यंत वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून, आणि गाडी दारात उभी. शमीम म्हणायची, "साहेब, मेकचा तारखेवर विश्वास आहे. माझा उरवड्याच्या विजेवर नाही." मग बांधणी चालू असेपर्यंत ही चहाचा ग्लास घेऊन टेबलाभोवती फेऱ्या मारायची. जिला एसटीचा थांबा सोसत नव्हता, तिने स्वतःच स्वतःवर ही शिक्षा लादून घेतली होती. "बस ना गं जरा, चक्कर येते तुझ्याकडे बघून," मी ओरडायचे. "तू बघू नगंस," ती म्हणायची. माझं ऐकून एकदा जरी बसली असती... पण झडपेचं मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी ती बसली नसती.

ती गेल्यावर तिचं काम माझ्याकडे आलं. थोडंफार तिने शिकवलंच होतं, हिडीसफिडीस करत. प्रेसशॉपने नवी डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवली होती, तिच्यासाठी प्रेस खाली यायच्या वेळेत जरा बदल करून चिप द्यायची होती. मी तयार फायलींचा खण उघडला. नावापुढे नाव, आणि प्रत्येकापुढे तिच्या कामावरच्या शेवटच्या गुरुवारची तारीख; चिमट्यानंतर ती तारीखही टाकायला लागली होती. दुपारची वेळ. एकामागून एक, जरा जरा अंतराने तयार होत गेलेल्या फायली. त्या वेळा वाचल्या की ती टेबलाभोवती कुठे असेल ते मला दिसायचं. इथे खिडकीपाशी, इथे बबनला ओरडतेय, इथे चिमट्याखाली. झाडू फिरवला की हे सगळं जाणार. माझ्याने होईना. रोज खण उघडायचे आणि मिटायचे. शेवटी साहेबांनी तगादा लावला तेव्हा मी बदल केला, तारीख नीट टाकली, आणि झाडू न फिरवता मेकला तेवढी एक फाईल बांधायला लावली. साहेब खूश. चिप तयार, डबा तयार. शमीमच्या गुरुवारच्या बाकीच्या फायली जिथल्या तिथे.

दुसऱ्या दिवशी डबा न्यायला भिकाभाऊ स्वतः आले. स्टुलावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "शमीमताईंचं कळलं. लई वाईट झालं. पोर सोन्यासारखी हुती." मग त्यांची नजर वर भिंतीकडे गेली. "आरं! ह्यो हितं हाय व्हय?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "चिमटा वापरता ना पण आता?"

"आता कशाला? ताईंचा डबा हाय की." ते हसले. "त्या दिसानंतर योकदाबी प्रेस दुसऱ्यांदा आला न्हाई. हातानंच ठेवतोय समदं." आणि दोन्ही हात पुढे करून दाखवले मला, तळवे वर. तेल मुरलेले, चिरा पडलेले, सगळी बोटं शाबूत.

डबा माझ्या हातात होता. तो पुढे करता येईना. चिप बरोबरच असणार, असं मी मनाला सांगत होते. तारीख टाकली होती, वीज गेली नव्हती, बदल एवढासा होता. पण शमीमलाही त्या दिवशी असंच वाटलं असणार. आणि त्या दिवशी निदान चिमटा तरी होता मध्ये. मी म्हणाले, "भाऊ, थांबा जरा. वेळ लागेल." डबा उघडून चिप काढली आणि चिपमध्ये भरलेलं पुसून टाकणाऱ्या दिव्याच्या खोक्यात टाकली. मग बसले आणि टाईप केलं, झाडू.

एंटर दाबायला किती वेळ घेतला ते विचारू नका. दाबल्यावर मात्र क्षणसुद्धा लागला नाही. खण उघडून बघितला तर रिकामा. तिचा गुरुवार गेला. मला वाटलं होतं मी रडेन, पण रडू आलंच नाही. मग मी दुसरा खण उघडला. तिने हाताने लिहिलेलं सगळं जागच्या जागी होतं, मध्ये मध्ये माझ्यासाठी घाईत टाकलेल्या सूचनांसकट: इथे हात लावू नको, इथे साहेबांचं ऐकू नको. ते वाचून मी मोठ्याने हसले आणि भिकाभाऊ घाबरून माझ्याकडे बघायला लागले.

बांधणी सुरू झाली. साहेब डोकावले, "चिप तर तयार होती ना?" मी म्हटलं, "होती. पुसली." ते भिंतीकडे बघून परत गेले. स्क्रीनवर एकेक नाव उमटायला लागलं आणि मला बसवेना. बबन ग्लास घेऊन आला. "चोथा टाकलाय, ताई. नवी पूड हाय," तो न विचारताच म्हणाला. ग्लास घेऊन मी टेबलाभोवती फिरत राहिले. पहिली चिप चुकीची होती की बरोबर, हे मी आजपर्यंत तपासलेलं नाही, आणि आता तपासताही येणार नाही.

नव्या चिपचा डबा घेऊन मी भिकाभाऊंबरोबर प्रेसशॉपवर गेले. निघताना खिळ्यावरचा चिमटा काढून पिशवीत टाकला. डबा बसवला, मग तारेने तो चपटा चिमटा प्रेसला बांधला, बरोबर कामगाराच्या डोळ्यांसमोर. भिकाभाऊ बघत राहिले. "शमीमताई आता रोज बघनार व्हय माझ्याकडं?"

"व्हय," मी म्हणाले. "रोज."

त्यांनी कोपऱ्यात पडलेला दुसरा चिमटा शोधून काढला, फडक्याने पुसला आणि पत्र्याचा तुकडा त्यात धरला. प्रेस खाली आला, वर गेला, आणि वरच राहिला. मी पुष्कळ वेळ उभी होते.

आता आमच्या शेडमध्ये कॉम्प्युटरच्या वर नुसता खिळा आहे. तिथे काही अडकवा, कॅलेंडर तरी लावा, असं साहेब म्हणाले. मी खिळा तसाच ठेवला. वीज अजून तशीच जाते, आणि आली की कॉम्प्युटर सगळ्यात आधी तारीख विचारतो. तेव्हा माझा हात अजून थबकतो. नुसतं एंटर दाबलं तर त्या यंत्रात ऐंशी साल उजाडतं. ऐंशी साली शमीम कॉलेजात होती, पौडहून एसटीने जायची, खिडकीची जागा धरून बसायची. आमची ओळखसुद्धा व्हायची होती. सगळं अजून पुढे होतं... एक बोट दाबायचं काम.

मी तारीख टाकते. आजची. मग झाडू.